औंधच्या डोंगरावरचा शेजार

(एका वाचनालयात दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मंडळी, नमस्कार. मागच्या रांगेत ऐकू येतंय ना? पंखा जरा कमी केला तर बरं होईल. माझा आवाज वर्गात ओरडून ओरडून बसलेला आहे. तीस-बत्तीस वर्षं चित्रकला शिकवली. शाळेत आम्हाला 'ड्रॉइंग मास्तर' म्हणतात आणि आमचा तास बहुतेक वेळा गणिताला दिला जातो, हे आपल्याला ठाऊक आहेच.

मला विषय दिला होता 'आपल्या भागातील कलासंग्रहालये'. मी त्याचं अनेकवचन काढून टाकलंय, आयोजकांनी राग मानू नये. तासाभरात पाच संग्रहालयं फिरवायची म्हणजे यात्रा कंपनीची बस झाली. तेव्हा आज मुक्काम एकाच ठिकाणी. सातारा जिल्हा, खटाव तालुका, गाव औंध. यमाईच्या डोंगरावरचं श्री भवानी संग्रहालय. कोल्हापूर आणि बडोदा मधेच डोकावून जातील, पण पाहुण्यासारखे.

आधी एक करा. औंधला गेलेल्यांनी हात वर करा. वा, निम्मं सभागृह. आता संग्रहालयात आत गेलेल्यांनीच हात वर ठेवा. बघा, किती हात खाली आले! दोष देत नाही हां. मूळपीठाला देवीच्या दर्शनाला निघतो, वाटेत ही इमारत लागते, 'उतरताना बघू' असं ठरतं आणि उतरताना पोरांना भूक लागलेली असते. माझंही पहिल्या दोन खेपांना हेच झालं होतं.

तिसऱ्या खेपेला आत गेलो आणि माझा गोंधळ उडाला. तो गोंधळ हाच आजचा विषय. एका बाजूला राजा रविवर्म्याची तैलचित्रं. धुरंधर आहेत, बाबूराव पेंटर आहेत, माधव सातवळेकर आहेत. राजस्थानी, पहाडी, दख्खनी लघुचित्रं आहेत. अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या नकला, युरोपातल्या नावाजलेल्या चित्रांच्याही नकला. हस्तिदंत, चंदनावरचं कोरीव काम. आणि या सगळ्यात हेन्री मूरचं दगडी शिल्प, 'माता आणि बालक'. हो, तोच हेन्री मूर, ज्याची शिल्पं लंडन-न्यूयॉर्कच्या चौकांत उभी आहेत. खटाव तालुक्यात. माणदेशाच्या उंबरठ्यावर, जिथं पाऊस यायचा की नाही याचा विचार करत असतो.

आपल्याकडे संग्रहालयाला पूर्वी अजबखाना म्हणायचे. नागपूरच्या १८६३ सालच्या मध्यवर्ती संग्रहालयाला अजूनही लोक अजबबंगलाच म्हणतात. शब्द मोठा छान आहे, पण त्यानं एक खोड लागली. अजब वस्तू बघायची, तोंडाचा आ करायचा, पुढची अजब वस्तू. तिथं लागलेली सवय आपण चित्रांच्या दालनातही घेऊन जातो. रविवर्मा बघितला, झालं. मूर बघितला, झालं. चला, जेवायला.

मला आज सांगायचंय ते एवढंच की अशा लहान संग्रहालयात वस्तूपेक्षा शेजार बघावा. कोण कोणाशेजारी आहे आणि का. मोठ्या शहरातल्या संग्रहालयांत कालखंडाप्रमाणे, शैलीप्रमाणे दालनं पाडलेली असतात. तिथं शेजार विद्वानांनी ठरवलेला असतो. इथं तो एका माणसाच्या आवडीनं, आयुष्यानं, ओळखीपाळखीनं ठरला. म्हणून आधी त्या माणसाबद्दल बोलू.

भवानराव श्रीनिवासराव उर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधी. जन्म १८६८, निधन १९५१. औंध संस्थानाचे अधिपती, १९०९ पासून १९४८ मध्ये संस्थान विलीन होईपर्यंत. संस्थान कसलं म्हणता? बहात्तर गावं, तीही सलग नाहीत. काही साताऱ्याकडे, काही आटपाडीकडे, काही थेट विजापूरकडे गुणदाळला. नकाशा बघितला तर शाईचे शिंतोडे उडाल्यासारखा दिसतो. बडोद्याच्या गायकवाडांची तिजोरी आणि यांची तिजोरी यांची तुलनाच नको.

पण गृहस्थ अचाट. सूर्यनमस्काराचा प्रसार केला, तोही असा की त्यांच्या संस्थानात शाळेतल्या पोराला नमस्कार चुकवून चालत नसे. स्वतः कीर्तन करायचे. बेळगाव सोडावं लागलेल्या लक्ष्मणराव किर्लोस्करांना कुंडलजवळ माळावरची जागा दिली, १९१० साली, तीच पुढे किर्लोस्करवाडी. भांडारकर संस्थेच्या महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीला एक लाख रुपये देऊ केले आणि तिच्यासाठी चित्रांचीही जबाबदारी घेतली. तिच्या मुखपृष्ठावर संपादकाच्या नावाबरोबर चित्रकार म्हणून बाळासाहेबांचं नाव छापलेलं आहे. कारण ते स्वतः चित्रकार होते. १९१६ साली त्यांचं 'चित्ररामायण' निघालं. ही बाब फार महत्त्वाची. संग्राहक राजे पुष्कळ झाले. स्वतः ब्रश धुतलेला राजा वेगळा. त्याला माहीत असतं की हात काढणं किती अवघड आहे. हाताची बोटं, खरं तर. माझ्या विद्यार्थ्यांना विचारा, सगळे माणसांचे हात पाठीमागे बांधतात नाहीतर खिशात घालतात.

आता साल बघा. संग्रहालयाची इमारत १९३८ ची. आणि त्याच वर्षाच्या अखेरीस बाळासाहेबांनी जाहीर केलं की राज्यकारभार प्रजेच्या हाती देणार. गांधीजींच्या सल्ल्यानं घटना तयार झाली आणि १९३९ च्या जानेवारीत ती अमलात आली. म्हणजे सत्तरीला आलेला माणूस एका हातानं गादीचे अधिकार सोडतोय आणि दुसऱ्या हातानं राजवाड्यातली चित्रं डोंगरावर, येणाऱ्या-जाणाऱ्याच्या वाटेवर मांडतोय. मला या दोन गोष्टी वेगळ्या वाटत नाहीत. देवीच्या वाटेवर इमारत बांधण्यात त्यांचा हिशेब असावा असं मला नेहमी वाटतं. चित्रं बघायला म्हणून १९३८ साली कोण डोंगर चढणार होतं? देवीला मात्र सगळे येतात. परतताना पोरांना भूक लागेल हे त्यांनी धरलं नसावं, एवढंच.

आता रविवर्म्यापाशी थांबू. इथं जरा वेळ काढतो.

आपल्यातल्या बहुतेकांचा रविवर्मा हा मूळ रविवर्मा नव्हेच. तो छापाचा. १८९४ साली त्यानं मुंबईत छापखाना काढला, तो पुढे लोणावळ्याजवळ मळवलीला गेला, आणि तिथून लक्ष्मी, सरस्वती, शकुंतला घराघरांत पोचल्या. आमच्या घरी लक्ष्मी होती. आजीनं तिच्या साडीच्या काठावर खरी जर चिकटवली होती, मुकुटावर टिकल्या, गळ्यात बारीक मणी. तेव्हा घरोघरी हे करायचे. छापाचं चित्र सपाट, त्याला बायकांनी आपल्या हातानं उठाव दिला. त्या तसबिरीला पन्नास वर्षांचा उदबत्तीचा धूर बसला होता आणि लक्ष्मी सावळी झाली होती. मला वाटायचं ती तशीच काढलीय.

मग औंधला मूळ तैलचित्रासमोर उभा राहिलो. सुरक्षारक्षकाची परवानगी घेऊन, हात पाठीमागे बांधून, जितकं जवळ जाता येईल तितकं गेलो. मला जरीचा काठ बघायचा होता. आणि काय सांगू, जवळून तिथं जर नाहीच! पिवळ्या मातीचा एक मळकट पट्टा आहे. त्याच्यावर गडद तपकिरी रंगाच्या आडव्या-तिरप्या रेघा, घाईघाईत ओढल्यासारख्या. आणि त्यावर मोजून काही ठिपके, जवळजवळ पांढरे, जाड, रंग ब्रशनं तिथं ठेवून दिलाय असे. बस. एक पाऊल मागे आलो, तसंच. दुसरं पाऊल, तसंच. तिसऱ्या पावलाला झटकन जर चमकली. पुन्हा पुढे गेलो, चिखल. पुन्हा मागे, जर. असं चार-पाच वेळा केलं. तो रक्षक माझ्याकडे संशयानं बघायला लागला.

आजीनं सोन्यासाठी खरी जर चिकटवली आणि या माणसानं पिवळ्या मातीतून, शेजारी काळपट ठेवून, सोनं काढलं. तैलरंग उशिरा सुकतो, म्हणून ओल्यात ओलं मिसळता येतं, गालाची गोलाई अशी येते की कडा सापडत नाही. वाळल्यावर पातळ थर चढवता येतो. हे तंत्र युरोपातलं, त्रावणकोरच्या बाजूच्या या माणसानं ते आत्मसात केलं आणि नऊवारीला लावलं. छापात यातलं काही उरत नाही. म्हणून मूळ चित्र बघायचं. 'मूळ' म्हणजे महाग म्हणून नाही, त्यात पुढे-मागे होता येतं म्हणून. मोबाईलवर बघितलेल्या चित्रात तुम्ही दोन बोटांनी मोठं कराल, पण तिसरं पाऊल कुठून आणणार?

आता त्याच्या शेजाऱ्यांकडे येऊ. गंमत बघा. महादेव विश्वनाथ धुरंधर जन्मले १८६७ ला. श्रीपाद दामोदर सातवळेकर, तेही १८६७. बाळासाहेब १८६८. तिघं जवळजवळ एका वर्गात बसतील अशा वयाचे. धुरंधर कोल्हापूरकडचे, जे. जे. कला शाळेत शिकले, तिथंच शिकवायला लागले आणि पुढे त्याच शाळेच्या प्रमुखपदापर्यंत गेले. सातवळेकर सावंतवाडीजवळच्या कोलगावचे, तेही जे. जे. चे. लाहोरला त्यांचा स्टुडिओ चालायचा. उत्तम व्यक्तिचित्रं करायचे. पण मन वेदांकडे ओढलं गेलं आणि हा माणूस औंधला येऊन राहिला, स्वाध्याय मंडळ काढलं, वेदांच्या संहिता छापल्या. आज पंडित सातवळेकर म्हटलं की लोकांना वेद आठवतात, ब्रश कुणाला आठवत नाही. शंभरी ओलांडून १९६८ ला गेले. त्यांचे चिरंजीव माधव सातवळेकर, जन्म १९१५. जे. जे. नंतर युरोपात शिकले, पुढे महाराष्ट्राचे कलासंचालक झाले.

म्हणजे संग्रहालयात तुम्ही माधवरावांचं चित्र बघता तेव्हा ते 'महाराष्ट्रातील एक आधुनिक चित्रकार' म्हणून तिथं नसतं. ते गावातल्या पंडितजींच्या मुलाचं चित्र असतं. हा फरक मोठा आहे. रविवर्म्याचा जन्म १८४८ चा, माधवरावांचा १९१५ चा. सदुसष्ट वर्षांत रंग कसा मोकळा झाला, कडा कशा सुटल्या, माणसांच्या अंगावरचे दागिने कसे कमी झाले, हे या दोघांच्या मधे चार पावलं चालून समजतं. मी पोरांना सांगायचो, दागिने मोजा रे. पोरं मोजायची. त्यातून जेवढं कळतं तेवढं माझ्या फळ्यावरच्या इतिहासातून कळलं नसतं.

बाबूराव पेंटर यांच्याबद्दल फार बोलत नाही, कोल्हापूरकर मला रात्रभर बसवतील. जन्म १८९०, नाटकांचे पडदे रंगवले, स्वतः कॅमेरा बनवला, महाराष्ट्र फिल्म कंपनी काढली. सिनेमात एवढं करूनही माणसानं नाव लावलं ते 'पेंटर'. मला तरी यात सगळं आलं.

आता नकलांबद्दल. हा माझा आवडता आणि भांडणाचा विषय. संग्रहालयात गेलेला सुशिक्षित माणूस नक्कल बघितली की नाक मुरडतो. 'कॉपी आहे हो.' आणि पुढे जातो. अजिंठ्याच्या नकलांसमोरून लोक असे जातात की जसं काही कुणी त्यांना फसवलंय.

अहो, अजिंठ्याच्या नकलांचा इतिहास ऐका. रॉबर्ट गिल नावाचा लष्करी अधिकारी १८४४ पासून तिथं राहिला. गुहेत, अंधारात, वटवाघळांत, वर्षानुवर्षं नकला केल्या. त्या विलायतेला गेल्या, क्रिस्टल पॅलेसमध्ये मांडल्या आणि १८६६ च्या आगीत बहुतेक जळाल्या. मग जे. जे. चे जॉन ग्रिफिथ्स. त्यांनी १८७२ पासून आपले विद्यार्थी नेले, एतद्देशीय पोरं, १८८५ पर्यंत हे काम चाललं. त्याही नकला लंडनला गेल्या, आणि १८८५ ला तिथंही आग लागली, पुष्कळ गेल्या. तिसऱ्यांदा लेडी हेरिंगहॅम, १९०९ ते १९११, बरोबर कलकत्त्याहून आलेले नंदलाल बोस वगैरे तरुण. म्हणजे तीन पिढ्या माणसं त्या भिंतींसमोर बसून उतरवून घेत होती, आणि मधल्या काळात भिंतींवरचा रंग गळतच होता. आज गुहेत जो चेहरा अर्धा गेलाय तो एखाद्या नकलेत पुरा असू शकतो. तेव्हा नक्कल कुठली आणि मूळ कुठलं? बाळासाहेब चित्रकारांना घेऊन स्वतः अजिंठ्याला गेले, नकला करवून घेतल्या, १९३२ साली अजिंठ्यावर इंग्रजीत पुस्तक लिहिलं. एका छोट्या संस्थानिकाला हे करावंसं वाटलं, कारण त्याच्या प्रजेतला शेतकरी अजिंठ्याला कधी जाणार होता?

युरोपीय चित्रांच्या नकलांचंही तेच. १९३८ साली औंधच्या शाळेतल्या पोराला इटलीतलं चित्र दाखवायचं तर दुसरा मार्ग काय होता? कृष्णधवल छापील पान. रंगाचं काय? म्हणून नक्कल. ती चांगली आहे की बरी आहे हा दुसरा प्रश्न. काही बऱ्याच आहेत, मी खोटं सांगणार नाही.

लघुचित्रांपाशी मात्र उलटं करावं लागतं. रविवर्म्याला मागे सरकायचं, इथं पुढे. ही चित्रं भिंतीसाठी केलेलीच नव्हती. मांडीवर ठेवून, हातात धरून, एकानं बघायची. ती चौकटीत घालून भिंतीला टांगली की अर्धा जीव तिथंच जातो. मी खिशात भिंग ठेवतो. हसू नका, सगळ्या ड्रॉइंग मास्तरांनी ठेवावं. एकावर एक कागद चिकटवून केलेली जाड वसली, तिच्यावर रंगाचा थर, मग कागद उलटा ठेवून गुळगुळीत अकीकाच्या दगडानं घोटायचा, पुन्हा थर, पुन्हा घोटायचं. म्हणून पृष्ठभाग मुलाम्यासारखा लागतो. हिंगूळाचा लाल, हरताळाचा पिवळा, तांब्याच्या जंगालाचा हिरवा. हा जंगाल मोठा दुष्ट रंग. कागद खातो. शंभर-दोनशे वर्षांनी काही जुन्या चित्रांत नेमका हिरवा भाग तपकिरी पडून तडकतो, कधी झाडाच्या आकाराचं भोकच पडतं. रंगकऱ्याला ते माहीत असो-नसो, त्याला हिरवा हवा होता.

आणि मोती. भिंगातून मोती बघा. पांढऱ्या रंगाचा जाडसर थेंब ठेवलेला असतो, कागदापासून वर आलेला. तिरप्या उजेडात त्याला स्वतःची सावली पडते. खारीच्या शेपटीच्या केसांचा ब्रश, आणि एका मोत्याच्या जागी दुसरा चुकून चिकटला तर माळ बिघडली. रविवर्म्याचे जाड पांढरे ठिपके आठवा आता. तो दुरून फसवतोय, हा जवळून पटवतोय. दोघांनाही मोती-जरच दाखवायची आहे. हे दोघं वेगवेगळ्या शहरांत, वेगवेगळ्या इमारतींत असते तर हा प्रश्न मला सुचलाच नसता.

राहिला मूर.

पोरांना पहिल्यांदा नेलं होतं तेव्हाची गोष्ट. सातवीचा वर्ग. मूरच्या शिल्पासमोर सगळे थांबले, कारण सरांनी थांबा म्हटलं होतं. दोन मिनिटं कुणी बोलेना. मग मागून एक पोरगा म्हणाला, "सर, हे करायचं राहिलंय का?" सगळे हसले. मी पण हसलो. पण पोरानं बरोबर विचारलं होतं! आत्ताच तो रविवर्म्याच्या बोटांतल्या अंगठ्या मोजून आला होता. त्या शेजारातून आलेल्याला मूर अर्धवटच वाटणार.

मी त्यांना मूरची गोष्ट सांगितली. जन्म १८९८, इंग्लंडमध्ये यॉर्कशरातलं कॅसलफर्ड, कोळशाच्या खाणीचं गाव. बाप खाणकामगार. घरात आठ पोरं, हा सातवा. आईला संधिवात, तर हा लहानपणी तिच्या पाठीला औषधी तेल चोळून द्यायचा. पुढे त्यानं सांगितलंय की ती पाठ त्याच्या हातांना कायमची लक्षात राहिली. मग लंडनला शिकायला गेला, ब्रिटिश म्युझियममध्ये मेक्सिकोची, आफ्रिकेची, इजिप्तची शिल्पं बघितली आणि ठरवलं की दगडाला कातडं, कापड, केस व्हायला लावायचं नाही. दगड दगडच दिसला पाहिजे. रविवर्म्यानं मातीला जर व्हायला लावली, याचं बरोबर उलट.

मग पोरांना म्हटलं, आता नाक-डोळे शोधू नका. तुमची आई तुमच्या धाकट्या भावंडाला कडेवर घेऊन उभी असते, तेव्हा तिचा एक खांदा वर होतो की नाही? कंबर एका बाजूला जाते की नाही? सगळे तसे उभे राहिले. वीस-पंचवीस पोरं, कडेवर काही नसताना, एक खांदा वर करून. मग त्यांनी पुन्हा शिल्पाकडे बघितलं. तो मघाचा पोरगा म्हणाला, "सर, हा दगड जड आहे हे कळतंय." मी तिथं पुढे काही शिकवलं नाही. शिकवण्यासारखं उरलं नव्हतं.

आपल्याकडे डोंगरावरच्या देवळात शेंदूर लावलेला तांदळा असतो. त्याला कुठं नाक-डोळे असतात? कधी नुसते चांदीचे डोळे बसवतात, बाकी गोल दगड. त्याच्यापुढे आपण हात जोडतो, त्याला आई म्हणतो आणि 'हे करायचं राहिलंय का' असं कुणी विचारत नाही. मूर पचवायला खटावच्या माणसाला लंडनच्या माणसापेक्षा सोपं जायला हवं, असं माझं प्रामाणिक मत आहे. मत आहे, प्रमेय नाही.

पाहुण्यांना थोडा वेळ देतो. कोल्हापूरच्या टाउन हॉल संग्रहालयात काशाची पोसायडनची लहान रोमन मूर्ती आहे, ग्रीकांचा समुद्रदेव. पंचगंगेकाठच्या ब्रह्मपुरी टेकडीवर १९४४-४५ च्या सुमाराच्या उत्खननात सापडली. सह्याद्रीच्या अलीकडे, समुद्रापासून एवढ्या लांब, समुद्राचा देव. तो कुणी संग्राहकानं मागवलेला नाही, व्यापारात हिंडत आला. तिथून रंकाळ्याकडे चालत गेलात तर अबालाल रहिमान ज्या पाण्याची चित्रं काढायचे ते पाणी लागतं. आणि राजारामपुरीत चंद्रकांत मांडरे यांचं घरच संग्रहालय झालंय. सिनेनट, पण रंगीत पावडर कागदावर चोळून निसर्गचित्रं करायचे. एका गावात ग्रीकांचा देव आणि नटाची पावडरीतली चित्रं. पुन्हा शेजार.

बडोद्याचं वेगळं. सयाजीरावांकडे पैसा होता आणि शिस्त होती. युरोपीय चित्रं निवडायला त्यांनी मॅरियन स्पीलमन हा इंग्रज समीक्षक नेमला. इमारत १९१४ ला तयार झाली, तेवढ्यात महायुद्ध पेटलं आणि चित्रं तिकडंच अडकली. चित्रशाळा उघडली १९२१ ला. सात वर्षं रिकाम्या भिंती! राजाचं नशीब बघा. तिथला संग्रह औंधपेक्षा कितीतरी मोठा आणि मोलाचा आहे. तरी मला विचाराल तर बडोद्यात निवडणाऱ्याचं ज्ञान दिसतं आणि औंधात निवडणाऱ्याचा स्वभाव.

आता थोडं रखरखीत बोलतो. सरकारी संग्रहालयांत आपण गेलो की तक्रार करतो, अंधार किती, दिवे लावत नाहीत. काही ठिकाणी ती तक्रार खरी असते. पण जलरंग आणि लघुचित्रं पन्नास लक्सपेक्षा जास्त उजेडात ठेवू नयेत असा जगभरचा दंडक आहे. पन्नास लक्स म्हणजे संध्याकाळी घरात एक मंद दिवा लावलाय तेवढा. तैलचित्राला दोनशेपर्यंत चालतं. उजेडानं उडालेला रंग परत येत नाही. पावसाळ्यात ओल, उन्हाळ्यात कोरडं, हस्तिदंताला चिरा जातात त्या यानं. कागदाला कसर लागते, चौकटीला वाळवी. आणि हे सगळं मोजक्या माणसांनी सांभाळायचं असतं. तेव्हा अंधाराला शिव्या घालण्याआधी डोळ्यांना पाच मिनिटं द्या. उन्हातून आत आल्या आल्या काहीच दिसत नाही, ती चूक संग्रहालयाची नव्हे, बुबुळाची.

पाट्यांबद्दल मात्र मी गप्प बसणार नाही. एका संग्रहालयात, नाव घेत नाही, एका अप्रतिम जलरंगाखाली पाटी होती: 'स्त्री. जलरंग. कागद.' आणि आकार सेंटिमीटरमध्ये. मी तिथल्या साहेबांना विचारलं, हे कुणाकडून आलं, कधी आलं, हे लिहिलं तर? ते म्हणाले, रजिस्टरला आहे. मी म्हटलं, रजिस्टर बघू का? तर म्हणाले, रजिस्टर बघायला अर्ज करावा लागेल. मी अर्ज केला. त्याला आता काही वर्षं झाली. ती स्त्री अजून तिथंच आहे, मी दर वर्षी भेटून येतो. अहो, चित्राचा आकार मला दिसतोय की! मला जे दिसत नाही ते लिहा ना. कुणी भेट दिलं, कुठल्या घरात टांगलं होतं, कुणाच्या लिलावातून आलं. शेजार समजायला तेच लागतं.

आयोजक घड्याळ दाखवतायत. आवरतो. एक शेवटची स्लाइड लावा. हां, ही.

हे चित्र कुठल्या संग्रहालयातलं नाही. त्या सातवीतल्या पोराच्या वहीचं पान आहे, परत आल्यावर 'पाहिलेल्या एका वस्तूचे चित्र काढा' असं मी सांगितलं होतं. सगळ्यांनी रविवर्म्याच्या बायका काढल्या, हात पदराआड लपवून. यानं काय काढलंय बघा. खुर्चीत बसलेला रक्षक. दुपारची वेळ, मान कललेली, काठी भिंतीला टेकवलेली. मागे भिंतीवर चौकटी आहेत, पण त्या रिकाम्या ठेवल्यात. मी विचारलं, अरे, आत काहीच का नाही काढलंस? तर म्हणाला, "सर, त्यांना रोज बघून दिसत नसेल आता." पाटील नाहीतर जाधव असावा, आडनाव आता आठवत नाही. चित्र मात्र जपून ठेवलंय, पन्नास लक्सच्या आतच.

प्रश्न असतील तर घेऊ. आणि औंधला जाणार असाल तर सुटीचा वार आधी फोन करून विचारा, सकाळी लवकर निघा, दुपारी डोंगराच्या पायऱ्यांचा दगड फार तापतो. पोरांना आधी खायला घाला.